साक्ष, कोर्ट नाका

"कृत्याच्या क्षणी आरोपीला समजत होतं का?
हो की नाही, एवढंच सांगा."

मी भेटले अकरा महिन्यांनी,
ठाण्याच्या मनोरुग्णालयात, चौदा नंबरच्या वॉर्डात.
जनार्दन भोपी, राहणार कळवा.
घड्याळ काढा म्हटलं,
तर सगळे आकडे उजवीकडे, दाटीवाटीने.
डावी बाजू कोरी.
कागद परत देताना म्हणाला,
"मॅडम, भाऊ जेवला का?"

भाऊ म्हणजे मयत.

हे अहवालात आहे, पान सहा.
वकिलांनी पान सात उघडलंय :
गुणांक, तक्ता, माझी सही.

खाडीचा वास येतो. शिपाई खिडकी लावून घेतो.
स्टेनो बोटं वर धरून थांबलाय.
हो आणि नाहीच्या मधली जागा
त्या घड्याळाच्या डाव्या बाजूएवढी.

"साक्षीदार निरुत्तर," साहेब सांगतात.
तेवढं मात्र
लगेच टाइप होतं.