वहीतले गायक

रायबंदरच्या फेरीधक्क्याकडे पाठ करून
माझं दुकान होतं, रेडिओ दुरुस्तीचं.
आत एक स्टूल, एक सोल्डरगन
आणि गिऱ्हाइकांनी परत न नेलेले अकरा सेट.

वर्षातून एकदा, उन्हाळ्यातल्या एका शनिवारी,
मध्यरात्र उलटून गेल्यावर
त्यांतल्याच एकावर मी शॉर्टवेव्हची सुई
केसभर सरकवायचो,
आणि पोर्तुगीज निवेदकाच्या खोकल्यामागून
देशोदेशींचे गायक स्पर्धेला उभे राहायचे.
भाषा कळायची नाही. कळायची नाही म्हणून
नीट ऐकायचो.
गाण्यामागे पाणी वाजायचं; ते तिकडचं की मांडवीचं,
कधी ठरवता आलं नाही.

नावं लिहिली ती ऐकू आली तशी,
वीजखात्याच्या जुन्या हिशेबवहीत.
इरमा कोस्केला. जो व्हेरडाल.
द्राजित्सा की द्रागित्सा; दोन्ही लिहिलं,
एक खोडायचं राहिलं.
पुढे देश, मग गुण.
एकाला सगळ्या देशांनी मिळून शून्य दिलं.
त्याच्या रकान्यात शून्य काढायला हात होईना.
लिहिलं: दुसऱ्या कडव्यात श्वास सुटला. पुन्हा धरला.

मेल्याच्या बातम्या रेडिओवर येत नसत.
त्या यायच्या एस्मेराल्दबायकडे.
तिचा भाऊ एकसष्ट साली लिस्बनला गेलेला.
नाताळच्या पत्रात थंडी, गुडघे, पेन्शन,
आणि समासात, तिने माझ्यासाठी विचारलेलं म्हणून,
यंदा कोण गेलं.
बलकांवात बसून ती वाचायची
पोर्तुगीजमधून कोंकणीत.
कोंकणीतून मराठीत
मी घरी पोचेपर्यंत चालत आणायचो.

इरमा: बर्फावर गाडी घसरली.
जो: घरात, एकटा, पियानोचं झाकण उघडं.
द्रागित्सा लढाईत. तिच्या मागोमाग तिचा देशही गेला,
त्याला कुठल्या रकान्यात घालायचं
ते अजून ठरत नाही.
आणि आंद्रेआ, ती उंच आवाजाची,
मेल्यावर कळलं की बाप्या होता.
बारा वर्षं मी ‘छान गायली’ लिहीत आलो होतो.
एस्मेराल्द हसली, ठसका लागेपर्यंत,
मग क्रूस काढला कपाळावर, त्याच्यासाठी.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, अल्मांच्या दिवशी,
सिमितेरीत ती एक मेणबत्ती जादा न्यायची.
‘ही तुज्या शून्याक.’
मी म्हणायचो, तो मेल्याचं कुठं आलंय पत्रात?
‘जळूं दी. जित्याकय उजवाड जाय.’

आमच्याकडे भाद्रपदात म्हाळ.
भटजी कुळातली नावं घेत घेत
शेवटी तिथे येतात
जिथे ज्यांचं कुणीच नाही त्यांनाही पाणी सोडायचं असतं.
गोत्र विचारलं असतं तर काय सांगणार होतो?
शॉर्टवेव्ह, एकतीस मीटर?
मी फक्त तीळ थोडे जास्त घेतले.
भटजींनी पाहिलं. बोलले नाहीत.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
अकरा सेट माळ्यावर आहेत,
एकाची दोरी तुटून सुई एका जागी थांबली आहे,
तिथे कुठलं गाव होतं ते काचेवरून पुसलं गेलंय.
मुलगा म्हणतो, नावं सांगा बाबा,
कोण आहे कोण नाही, मिनिटात कळेल फोनवर.
मी म्हणतो, स्पेलिंग येत नाही.
ते खरंही आहे.

एस्मेराल्द गेली त्याला सहा वर्षं झाली,
भाऊ तिच्याही आधी.
तेव्हापासून वहीत कुणी मेलेलं नाही.
नऊ जण आहेत अजून.
शून्यवाला धरून.