फ्लॅश मारू नये

फ्लॅश मारू नये, असं पाटीवर लिहिलंय
आणि लाइन अकरापासून गेलेली.
संग्रहालय म्हणजे तहसिलीमागच्या दोन खोल्या,
तिकीट पाच रुपये, सुट्टे असतील तर.

रजिस्टरसाठी एकवीस तसबिरी टिपायच्या.
प्रत्येक जमीनदाराच्या छातीवर, काचेत,
मीच उभी: ओढणी, कॅमेरा,
खिडकीचे गज, बाहेरचं मोहाचं झाड.

देवाजी कुमरेनं मग रात्रपाळीची घोंगडी आणली,
माझ्यामागं दोन्ही हातांनी ताणून धरली.
काच काळी झाली. आतली माणसं वर आली
ढिवरानं जाळं ओढावं तशी:
जरीचे काठ, मिशांची टोकं,
चितारी कंटाळला तिथं नुसतेच तपकिरी पाय.

चौदाव्या तसबिरीत खुर्चीमागं एक हात.
मोरचेल धरलेला. मनगटात कथलाचं कडं.
कोपरापुढं चौकट.
“हा आमच्या पणज्याचा हात होय जी,”
घोंगडीमागून आवाज.
“आणि चेहरा?”
“कापड पुरलं नसन.”

मी फोकस जमीनदाराच्या डोळ्यांवरून काढला,
हातावर आणला. नखांत पिवळं काहीतरी,
हळद की वार्निश, कळेना.

एवढा वेळ धरून
देवाजीचे खांदे भरून आले असावेत.
घोंगडीचं टोक घसरलं
आणि त्याच वेळी बटण दाबलं गेलं.

चौकटीच्या कडेला, त्या कोपराला लागून,
अर्धा देवाजी आलाय, डोळे मिटलेला.

“पुन्हा काढा जी, खराब झाला.”
पुन्हा काढला. नोंदीला तोच दिला.
तेरा, चौदा, पंधरा.
चौदा माझ्याकडे दोन आहेत.