तिसरा रकाना

हॅलो. हाव, बोला.
झोनचं ऑफिस? थांबा, पान काढतो.
पुढून सात पायऱ्या, प्रत्येकी सात इंच,
शेवटची आठ, ती फसवते.
कठडा डाव्या हाताला, फक्त डाव्या.
मागून, सायकल स्टँडच्या बाजूनं, उतार आहे,
पण उतारावर शिपायाची मोटारसायकल असते.
नुसतं 'भाऊ' म्हणाल तर ऐकू येत नाही त्याले,
'लोखंडेसाहेब' म्हणा, लगेच काढतो.
अन् अकराच्या आत जा. मे महिना आहे,
बारानंतर कठड्याचा पाइप हात भाजतो.

फोन ठेवतो.
वही दोनशे पानी, कव्हरवर संत्र्याच्या रसाचा डाग,
आणि आत हे नागपूर,
इंचाइंचानं.

आम्ही दोघं फिरतो. मी व्हीलचेअरवर,
रत्नमाला मेश्रामचा एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर,
दुसऱ्या हातात पांढरी काठी.
ती ढकलते, मी वाट सांगतो.
सदरमधल्या चहावाल्याला वाटतं, नवरा-बायको.
आम्ही काही बोलत नाही,
चहा अर्धा कप जास्त येतो.

टेप माझा, कान तिचे.
पहिल्याच दिवशी भांडलो.
मी लिहिलं : पायरी नाही, सगळं सपाट, उत्तम.
ती म्हणाली, काहून उत्तम?
रस्ता कुठं संपला अन् व्हरांडा कुठं लागला
मले कसं समजावं?
मला जी पायरी भिंत,
तिला ती खूण.
म्हणून पानावर दोन रकाने,
एक माझा, एक तिचा,
आणि बरोबरची खूण दोन्हीकडे
अजून चारच इमारतींना.

इतवारीतलं एक वाचनालय :
माझ्याकडे नुसती फुली.
तिच्याकडे : मॅडम आवाजावरून ओळखतात,
ब्रेल नाही,
जुन्या कागदाचा वास जिन्यापर्यंत येतो, त्याच्या मागं जावं.
अपंगत्वाचं प्रमाणपत्र देतात ते ऑफिस :
पहिला मजला.
लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये फायली ठेवल्यात.
हे लिहून घेताना रत्नमाला इतकी हसली
की पाणी मागवावं लागलं.

एक गोष्ट वहीत नाही.
अपघाताआधी मी फरशीवाला होतो.
मानेवाड्यापासून कामठी रोडपर्यंत बसवल्या,
ग्रॅनाइट, घासून घासून,
मालक म्हणायचे, तोंड दिसलं पाहिजे त्याच्यात.
उताराचं कोणी विचारायचं नाही,
मीही नाही.
परवा धरमपेठेतल्या एका बँकेत
रत्नमालेची काठी सर्रकन सरकली
आणि मी खाली पाहिलं.
सांधा ओळखीचा.
कोपऱ्यातला तुकडा मीच कापलेला, थोडा तिरपा.
लिहिलं : फरशी निसरडी, पुसल्यावर अर्धा तास थांबावं.
कोणी बसवली, ते नाही लिहिलं.

काल एक फोन आला, म्हातारा आवाज, उमरेड रोडकडचा.
पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता.
मी सुरू झालो : तीन पायऱ्या, बाजूला उतार,
दार बत्तीस इंच, मुतारीला कडी नाही...
त्यांनी मधेच थांबवलं.
'ते ठीक आहे बाप्पा.
मले एवढंच सांग,
तिथं न विचारता कोणी उचलून तर नाही ना घेत?
मागच्या बारी चौघांनी उचललं.
चांगलीच पोरं होती.
धोतर सुटलं माझं, सगळ्या रांगेसमोर.'

मी पान उलटलं. पुढचं उलटलं.
टेप मांडीवर, मिटलेला.
'पाहून येतो आजोबा,' म्हटलं,
'उद्या संध्याकाळी फोन करा.'

रत्नमालेनं पट्टी मागितली.
चाचपून कागदाची कड शोधली
आणि दोन रकान्यांच्या शेजारी
तिसरी रेघ ओढली, बरीच वाकडी.
'मथळा काय देऊ?' मी विचारलं.
'ते मंग पाहू,' ती म्हणाली.
'आधी चाकात हवा भर.'