बाटली क्रमांक सतरा

तोटीला आधी जाळ दाखवायचा,
मग पाच मिनिटं पाणी नुसतं सोडून द्यायचं,
बाटलीच्या आत बोट जाता कामा नये.
पाच मिनिटं फार होतात
स्वतःच्या चुलत्याच्या गोठ्यात.

"नळाला चूड लावतीस व्हय गं?
शिकून आलीस ती ह्याच्यासाठी?"
मल्लाप्पाकाका हसला. चंद्रीनं कान झाडला.
चौदा म्हशी, दोन रेडकं,
आणि फरशीवरून उताराला लागलेलं ते
पिवळं, हिरवं, फेसाळ,
शेणाचं, मुताचं, सरकीच्या पेंडीचं धुवण.
गटारात जातं म्हणतात.
गटाराला तळ नाही, हे कुणी म्हणत नाही.
गटारापासून बोअर अकरा पावलं.
फॉर्मवर फुटांत विचारलंय.
मी अठ्ठावीस लिहिलं.

पंचगंगेचं सगळेच बोलतात.
नदी दिसते.

संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाईक आलं,
तालमीतली पोरं, रिक्षावाले, बाळाला कडेवर घेऊन एक बाई.
काका कासेखाली बसला, धार वाजली,
पेल्यात फेस वर आला, गरम.
लोक तिथंच उभे राहून पितात
आणि मिशा पुसतात.
पेले परत येतात.
बादलीत बुडतात, दोनदा, हलकेच.
बादली बोअरची.
मी बाटलीला झाकण लावलं,
बर्फात ठेवली, काही बोलले नाही.

छत्तीस तासांनी बाटली काळी पडली.
दुसरी पुण्याला गेली होती,
तिथून यादी आली, बारा पानांची,
पाण्यात कोण कोण राहतं त्याची.

खाली, काळ्या दगडाच्या भेगांत,
एक जुनी वस्ती होती.
अंधारातली, कमी खाणारी,
चिमूटभर लोखंडावर महिना काढायची,
एकाचे दोन व्हायला आठवडे घ्यायची.
त्यांना कुणी कधी नावं ठेवली नव्हती,
दोन्ही अर्थांनी.

मग वरून पंगत आली, न मागता.
आणि पंगतीबरोबर पंगतीला सरावलेले,
म्हशीच्या पोटातनं थेट, ऊबदार,
वीस मिनिटांत दुप्पट व्हायची सवय असलेले.
इथल्या गारठ्यात ते फार टिकत नाहीत म्हणे.
पण पंगत रोज आहे.
कुणी मुताचं नायट्रेट केलं,
कुणी विरघळलेली हवा संपवली,
हवा संपल्यावर कुणी नायट्रेटवर श्वास घेतला,
तेही सरल्यावर कुणी गंधकावर.
उन्हाळ्यात पहिल्या बादलीला
सडक्या अंड्याचा वास येतो, तो त्यांचा उच्छ्वास.
आणि गेल्या साली मोरणीची कास सुजली,
तिला टोचलेलं औषध थोडं मुतातनं खाली उतरलं.
त्याला कसं झेलायचं
ही युक्ती एकानं शेजाऱ्याला दिली,
शेजारी परक्या जातीचा होता, तरी दिली.
आपल्या गल्लीत मिक्सरसुद्धा कुणी देत नाही.

हे सगळं मी काकाला सांगितलं नाही.
"पाणी खराब आहे" एवढंच सांगितलं.
तो बराच वेळ गव्हाणीकडं बघत राहिला.
"माझ्या बापानं पाडलंय बोअर," म्हणाला.
"नितळ आहे की!"
नितळ आहे. तेच तर.

निंगव्वाकाकी मात्र कागद हातात घेऊन बसली,
वाचता येत नाही तरी पानं उलटत.
आपलं काय होईल, हे तिनं विचारलंच नाही.
"खालची ती जुनी," म्हणाली,
"मेली का गं सगळी?"

मी यादीत शोधलं.
नवव्या पानावर, तळाला,
शंभरात अर्धासुद्धा नाही,
पण होती.
"हायत," म्हटलं.
"हायत तर," काकी म्हणाली,
आणि उठून चहाचं आधण ठेवलं
त्याच पाण्याचं, खळखळून उकळेपर्यंत.

सहा महिन्यांनी पुन्हा नमुना.
या वेळी काडी काकानंच ओढली,
तोटीला जाळ धरला, जरा जास्तच वेळ.
कट्ट्यावर पेल्यांशेजारी आता एक किटली असते, वाफाळती.
गटार तसंच.
अकरा पावलं.
मी पुन्हा मोजली.