सतरावा खण

सतराव्या खणापाशी मी पडते.
पहिले सोळा उतारावरून आल्यासारखे येतात,
मग डाव्या करंगळीला आपली जागाच आठवत नाही.

तीन महिने हेच.
दुकानाचं शटर ओढायचं,
दिवसभर मोजलेल्या स्क्रूंचा लोखंडी वास साबणाने घालवायचा,
मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर बांदोनेऑन,
आणि पहिल्या खणापासून सुरुवात.
पडले, की पुन्हा पहिल्यापासून.

मला वाटायचं, याला मेहनत म्हणतात.

एकाहत्तर बटणं आहेत याला.
भाता उघडताना जे बटण एक बोलतं
ते मिटताना दुसरंच बोलतं,
आमच्या थोरल्या आत्यासारखं:
येताना वेगळी, जाताना वेगळी.
म्हणजे चुकायला जागा दुप्पट.

मग एका सकाळी जिन्यात
तिसऱ्या मजल्यावरचे सेन्योर एबारिस्तो भेटले.
काखेत पाव, दुसऱ्या हातात मातेचा थर्मास,
ओठांवर माझीच चाल.
सोळा खण स्वच्छ.
सतराव्याला ते पडले,
अगदी माझ्यासारखे, त्याच सुरावर, त्याच बाजूला,
आणि किती विश्वासाने!

मी म्हटलं, ती जागा तशी नाही.
ते म्हणाले, सुल्मा, तशीच आहे.
तीन महिने भिंतीतून ऐकतोय मी.

त्या रात्री पेटी उघडली नाही.
टेबलावरच्या मेणकापडावर नुसती बोटं ठेवली
आणि कळलं, की चूक माझ्याकडून होत नव्हती,
मी ती शिकले होते.
बोटांना खरं-खोटं कळत नाही,
जे घोटाल ते त्यांच्या अंगवळणी पडतं.
जे येत होतं ते मी रोज शंभरदा गिरवलं,
जे येत नव्हतं त्याच्या वाट्याला
दिवसाकाठी दोन क्षण, तेही घाईचे.

इरिनेओ मास्तरांनी हे पहिल्याच गुरुवारी सांगितलं होतं,
सेरोच्या टेकडीवर, खोकत खोकत.
मी मान डोलावली होती.
मान डोलावणं म्हणजे रियाज नव्हे.

आता मी सतराव्यापासून सुरू करते.
त्यातले चारच सूर.
लय इतकी हळू
की दोन सुरांच्या मध्ये खालच्या रस्त्यावरची बस
थांबा घेऊन निघूनसुद्धा जाते.
डावीकडच्या कपात दहा हरभरे.
एकदा बिनचूक वाजलं, की एक हरभरा उजव्या कपात.
चुकले, की सगळे परत.
पहिल्या रात्री उजव्या कपात
जास्तीत जास्त तीन जमले.
दुसऱ्या रात्रीही तीनच.
मग सोळाव्याचा शेवटचा सूर अलगद आणून
सतराव्याच्या पहिल्याला जोडला,
बिजागरी बसवतात तसा,
(दुकानात रोज विकते, पण बसवायला आता शिकले).
वीस मिनिटं. मग उठायचं.
बोटांना अजून हवंसं वाटत असतानाच उठायचं,
हे सगळ्यात अवघड.

एकोणतीस तारखेला रिवाजाप्रमाणे न्योकी केल्या.
एक ताट वर घेऊन गेले,
ताटाखाली नाणंही ठेवलं.
सेन्योर एबारिस्तो म्हणाले,
तुम्ही चाल बदललीत.
म्हटलं, दुरुस्त केली.
बराच वेळ ते न्योकी चघळत राहिले.
मग म्हणाले, मला आधीची आवडायची.

यावर काय बोलणार?

काल रात्री दहाही हरभरे उजवीकडे गेले.
पेटी मिटली, भात्यातली उरलेली हवा
लांब उसासा टाकून निघून गेली.
आणि त्या शांततेत, वरून, छतातून
शीळ ऐकू आली. हळू, चाचपडत.
सतराव्याशी थबकली. घसरली.
थांबली.
आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी खुर्चीवर चढले,
झाडूच्या दांड्याने छत ठोकलं,
सेन्योर एबारिस्तो,
पहिल्यापासून नको!