वाहकाची खिडकी

माझ्या सीटशेजारची खिडकी लागत नाही.
डेपोत तीनदा लिहून दिलंय.
पहाटे साडेपाचची नाशिक-पेठ,
जानेवारी संपत आलाय,
निफाडचा पारा पाचावर, असं उगले ड्रायव्हर
मोबाइलवरून वाचून दाखवतात,
जणू त्यांनीच तो उतरवलाय.

रामशेज मागे पडेस्तोवर
चेहऱ्याचा पापड झालेला असतो.
हसलं की गालावर बारीक रेघ फुटते,
ओठाच्या कोपऱ्यात मीठ चुरचुरतं,
म्हणून मी हसत नाही.
प्रवासी म्हणतात, कंडक्टरबाई फार कडक.

उपाय सगळ्यांकडे असतात.
करंजाळीच्या शाळेतल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, बदामाचं तेल.
रविवार कारंज्यावर जाऊन पाहिली बाटली,
करंगळीएवढी.
किंमत ऐकून घाम फुटला,
तेवढाच ओलावा.

घरचं खोबरेल गोठून दगड.
बाटली उन्हात ठेवायची, तर ऊन असताना
मी घरी कुठे असते?
चमच्याच्या दांड्यानं उकरून
पोराच्या गालांना, नाकाखाली, कानामागे लावते,
मला लावायचं राहतं.
एकदा तीळतेल चोळून आले ड्यूटीवर.
उगले म्हणाले, आज डब्यात चटणी वाटतं.

मग हौसा बागूल.
पेठच्या अलीकडच्या पाड्यावरची,
दर सोमवारी दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जाते,
शनिवारी परत.
एका शनिवारी अर्ध्या तिकिटालाही नऊ रुपये कमी पडले तिला,
मी माझे घातले आणि विसरले.
ती विसरली नाही.
पुढल्या सोमवारी पेठहून परतताना
खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली माझ्या हातात,
आत पिवळट, तुपासारखं थिजलेलं काहीतरी.
मोहट्यांचं हाय. घरचंच.

मी म्हटलं, किती लावू?
तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं,
वाफ्यातली माती बघावी तसं.
थोडंच. तळहातावर घोळव, इतळू दे.
तोंड धुतलं ना, की पुसू नको, ओलं असतानाच लाव.
तेल काय पाणी देत नाय बाई,
हाय तेवढं जाऊ देत नाय.

मागून कोणी ओरडलं, दोन कोटंबी, दोन!
मशीनवर बोट तसंच राहिलं माझं.

दुसऱ्या दिवशी, पावणेपाच,
महिला विश्रांतीगृहातला अर्धा आरसा,
नळाचं पाणी इतकं गार की दात बधिर.
पुसलं नाही. हनुवटीवरून थेंब गळत होते.
तळहातात ते पिवळं हळूहळू काचेसारखं झालं,
वास जरा उग्र, धुराचा, ओल्या पोत्याचा,
त्याखाली माझ्या हातांचा कायमचा नाण्यांचा वास.

दिवसभर हे हात लोकांना लागतात.
सुट्टे, पास, कोणाची पिशवी वर ओढ,
कोणाचं पोर कडेवर घे, पिणाऱ्याला दंडाला धरून उतरव.
माझ्याच चेहऱ्याला ते
असे निवांत कधी लागले होते, आठवेना.
कपाळाला लावलं. डोळ्यांखाली, हळू.
चोळलं नाही, नुसतं दाबून धरलं,
आणि क्षणभर तसेच राहू दिले हात,
चेहरा झाकून,
बाहेर गाड्या सुरू होत होत्या तरी.

आता सावळघाटात धूळ
जरा जास्तच बसते गालांवर. बसू दे.
संध्याकाळी धुते.
पुसत नाही.

नऊ रुपयांचं हौसा काही बोलत नाही, मीही नाही.
उतरताना फक्त माझा गाल बघून घेते
आणि मान हलवते, म्हणजे बरं चाललंय.

काल उगले काहीतरी बोलले, त्यांचं नेहमीचंच,
आणि मी खळखळून हसले.
काही फुटलं नाही.

खिडकीचं
चौथ्यांदा लिहून दिलंय.