वजनकाटा

शनिवारी आम्ही सात जण,
दोन तंबू, एक पातेलं, खिचडीचं सामान,
आणि गंगापूर रोडवरून भाड्यानं आणलेल्या काठ्या,
ज्यांची टोकं बहुधा
अजून कुठल्याच डोंगराला लागलेली नव्हती.

फोनच्या नकाशात मुंज्याचा डोंगर, उंची आठशे बारा.
घायपातातून चढलो, करवंदीच्या जाळीतून,
मृदुला कासलीवाल सारखी विचारतेय, अजून किती,
आणि एकाएकी वाट संपली.
वाट म्हणजे डोंगरच.
करवत घातल्यासारखा सरळ तुटलेला.
पुढे हवा. खाली खाणीतलं हिरवं पाणी.
फोनमधला निळा ठिपका सांगत होता
शिखर अजून एकशे चाळीस मीटर, समोर.
समोर एक घार तरंगत होती.
बहुधा शिखरावरच असावी.

उतरलो तोवर निफाडची थंडी आमच्याआधी पोचलेली.
क्रशर कॉलनी. बत्तीस खोल्या, छपरं नाहीत,
पत्रे ज्याचे त्यानं नेले.
एका भिंतीवर डांबरानं मांडलेली हजेरी:
यल्लव्वा, नागव्वा, दुर्गव्वा,
पुढे रेघा, पाच पाचच्या जुड्या,
शेवटच्या जुडीत तीनच.
शाळेच्या खोलीत फळा नव्हता,
फळ्याच्या जागेचा चौकोन तेवढा स्वच्छ.

शकील पिंजारीला खडकाच्या पोकळीत
पेराएवढा स्फटिक सापडला, पाण्यासारखा,
कडेला किंचित हिरवट.
परदेशात जातात हे, म्हणाला, आणि खिशात टाकला.

सपाट जागा एकच होती, ट्रक तोलायचा काटा.
त्याच्या लोखंडी पत्र्यावर तंबू लागले.
केबिनमध्ये शेंदूर फासलेला मुंजोबा,
डोंगर गेल्यावर त्याला इथं आणून बसवलेला,
काट्याच्या तबकडीशेजारी.

जीपचा ड्रायव्हर बाळू कुसमुडे
नाशिकपासून एकच वाक्य बोलला होता:
दार नीट लावा.
खिचडी झाल्यावर केबिनमधून आला,
बोटांना तेल. दिवा लावून.

'हितंच झालो मी. चौदा नंबरात.
बाप मुकादमाला म्हनला, पोराचं वजन करून द्या.
रिकामा डंपर उभा केला. आधी एकटा बाप बसला,
मग मला घिऊन.
काटा हाललाच न्हाई.
धा किलोच्या खालचं त्यो धरतच नव्हता.'

आम्ही हसलो. तोही हसला.

'मुकादमानं पावती मातुर रीतसर फाडली.
तारीख, येळ, निव्वळ वजन शून्य.
आईनं जपली. शाळंत नाव घालताना
जन्माचा दाखला मागितला, तीच दिली.
मास्तरनी चालवून घेतली.'

शकीलनं स्फटिक पुढे केला.
बाळूनं विजेरीत धरला, परत दिला.
'ह्ये? सुरुंग झाला की फावड्यानं बाजूला सारायचो.
खडीत चालत न्हाई.'

रात्री कुणी कूस बदलली
की खाली लोखंड कुरकुरे, जुन्या खाटेसारखं.
माझं घर पाथर्डी फाट्याला, चौथा मजला.
फरशा कुठल्या, नळ कुठले, बिल्डरनं सांगितलं होतं.
खडीचं मी विचारलं नव्हतं.
पहाटेपर्यंत डोळा लागला नाही,
आणि थंडी हे काही त्याचं खरं कारण नव्हतं;
थोडंसं होतं.

सकाळी चहात राख पडली, तसाच प्यायलो.
सामान भरलं. निघालो.
जीप काट्यावर आली आणि बाळूनं इंजिन बंद केलं.
आम्ही सात, तंबू, पातेलं,
ओल्या काठ्या, खिशातला स्फटिक, आणि तो.
कुणी विचारलं नाही.
केबिनच्या फुटक्या काचेतून तबकडी दिसत होती,
गंजलेली सुई, ढिम्म.
अर्धा मिनिट असेल.

मग चावी फिरवली.
'दार नीट लावा,' म्हणाला.
लागलेलंच होतं. मी उघडून
पुन्हा लावलं.